बिल्ट-इन नावं झाकायची मुभा असावी का?

आज अख्खी दुपार एका शब्दापायी गेली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कुणीतरी फाईलच्या अगदी वरती एका व्हेरिएबलला 'लिस्ट' असं नाव देऊन ठेवलेलं, म्हणजे यादी बनवणारं भाषेचं स्वतःचं (बिल्ट-इन) लिस्ट() त्याखाली झाकलं गेलं, आणि मी खूप खाली साधं लिस्ट() वापरलं तर एरर काय, तर 'लिस्ट ऑब्जेक्ट कॉलेबल नाही' (म्हणजे ते फंक्शनसारखं वापरता येत नाही), मी आपली माझ्याच ओळी परत परत तपासतेय, चूक वर. भाषेनं हे करूच कसं दिलं असा राग आला खरंच. पायथन २ मध्ये तर ट्रू = फॉल्स, म्हणजे 'खरं'च्या नावाला 'खोटं' ही किंमत, असंही लिहिता यायचं, २००८ च्या पायथन ३ नं ते बंद केलं, बरंच झालं!

पण सगळंच बंद करा असं नाही वाटत मला. टेस्ट लिहिताना फाईल उघडणाऱ्या ओपन() च्या जागी खोटं फंक्शन बसवता येतं म्हणून तर खऱ्या फाईलला हात न लावता कोड तपासता येतो, फक्त ते त्या टेस्टपुरतंच राहायला हवं. रूबी या दुसऱ्या भाषेनं २०१३ मध्ये २.० सोबत रिफाइनमेंट्स आणली ती याचसाठी, बदल जिथे हवा तिथेच, बाकीच्यांच्या कोडला धक्का नाही. हे पटतं मला. संध्याकाळी त्या व्हेरिएबलचं नाव बदललं, एकूण अकरा ठिकाणी.