साठीतली बुडी

साठीत कुणी स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहणं, शिकायला निघालं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: दम पुरेल का? दमाची काळजी सगळ्यात शेवटी करावी. पाण्याखाली जो सावकाश हलतो, त्याचीच हवा जास्त टिकते. 12 लिटरची टाकी 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की तिच्यात साधारण 2,400 लिटर हवा असते. वर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर 10 मीटरवर 40 लागते, कारण तिथे दाब दुप्पट. पंचविशीतला गडी उत्साहात हातपाय मारून ती बघता बघता संपवतो. जिन्यावर सगळ्यांच्या मागे राहणाऱ्यांचा इथे चक्क फायदा होतो.

घोडं अडतं ते कानाशी. पहिल्या काही मीटरांतच दडे बसतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कधी फुंकायचं, तिथे चुकतं. कान दुखेपर्यंत थांबलात की संपलं. कानाकडून घशाकडे जाणारी नळी दाबाने मिटून बसते, मग कितीही फुंका, उघडत नाही. जोर केलाच, तर पडद्याला नाहीतर आतल्या कानाला इजा. म्हणून डोकं पाण्याखाली जाण्याआधी एकदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला. उतरावंही पाय खाली ठेवून, दोर धरून. कान मोकळा झाला नाही तर मीटरभर वर येऊन पुन्हा. सर्दी असेल तर बुडी रद्द. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरणं हा शुद्ध अतिशहाणपणा: त्याचा असर खालीच ओसरला, तर वर येताना हवा कानात अडकते.

मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतंच. ते काढायला मान किंचित वर, फ्रेमची वरची कड कपाळाशी दाबून धरायची आणि नाकाने सावकाश श्वास सोडायचा. नाकाखालची बारीक पट्टी भादरली तर त्रास निम्मा होतो; पण मिशीचा मान सांभाळणाऱ्यांना हे कोण सांगणार!

चाळिशीचं काय? पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणून मासे झकास दिसतात. टाकीतला दाब दाखवणाऱ्या हातातल्या गेजवरचे आकडे मात्र धूसरच, आणि 50 बार उरले की नाही हे तर तिथेच वाचायचं. मास्कच्या काचेला आतून, खालच्या बाजूला चिकटवायची छोटी भिंगं मिळतात. ती घ्याच.

पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा सिगारेट आहे, तर शिकण्याआधी भरायचा तब्येतीचा फॉर्म डॉक्टरांकडे जातो. त्यावर कुरकुर करू नये. पाण्यात उतरताच हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर भार येतो. खाली विनाकारण धाप लागली, खोकला आला, तर बुडी तिथेच आवरायची. वर येतानाही मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, श्वास कधीच रोखायचा नाही आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं.

खरी कसरत बोटीच्या शिडीवर. टाकी, ती अडकवायचं जॅकेट, खाली जायला लागणारं वजनाचं शिसं मिळून वीस-एक किलो पाठीवर घेऊन गुडघ्यांची परीक्षा कशाला? आधी शिशाचा पट्टा वर द्यावा, मग टाकीसकट जॅकेट. पायांतल्या फिन्स मात्र शिडी हातात आल्यावरच काढाव्यात; त्याआधी काढल्या आणि प्रवाह असला, तर बोट लांब जाते.