कापूसवही: खिडकीचा आकार, जागा आणि रंगरूप

मागच्या नोंदीत कापूसवहीचं गणित जमलं होतं: वजन, भाव, ओलावा, उचल वजा जाऊन देणं. यावेळी सगळा वेळ खिडकीनेच खाल्ला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की अमळनेर-धरणगाव रस्त्यावर मामांचा कापूस खरेदीचा काटा आहे आणि तिथल्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर चालणारी ही छोटी वही पायथन आणि टीकेइंटरमध्ये (पायथनसोबत येणारं खिडक्या-बटणं बनवायचं साधन) लिहितोय. लॅपटॉपवर टॅली कायम उघडी असते. तिच्यावर एका कोपऱ्यात वही दिसत राहावी, एवढी एकच मामांची अट.

कायम वर राहणं सोपं निघालं. खिडकीच्या ॲट्रिब्यूट्समध्ये (गुणधर्मांत) टॉपमोस्ट खरं केलं की झालं. त्याच ठिकाणी अल्फाही मिळतो, 0 ते 1 मध्ये पारदर्शकता. 0.85 ठेवून मामांना दाखवलं. मागच्या टॅलीचे आकडे आमच्या आकड्यांतून डोकावायला लागले. "हाई काय शे भो?" म्हणाले. अल्फा परत 1 वर. पैशाच्या आकड्यांवर पारदर्शकता नकोच, हे माझंही मत झालंय.

खरी गंमत आकाराची. आतापर्यंत जॉमेट्रीत, म्हणजे खिडकीचा आकार आणि जागा सांगणाऱ्या सूचनेत, सरळ 420 गुणिले 300 असा आकार ठोकलेला होता. मामांच्या लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768, पण विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण) 125 टक्क्यांवर, त्यामुळे अक्षरं धूसर दिसायची. टीकेइंटरला पडद्याची रुंदी विचारली तर 1093 सांगायचा, म्हणजे 1366 भागिले सव्वा. प्रोग्रामला डीपीआय (पडद्याच्या एका इंचात किती ठिपके) कळतो असं आपण सांगत नाही, तोवर विंडोज त्याला छोटा पडदा दाखवतं आणि तयार झालेलं चित्र ताणून मोठं करतं. सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शनं बोलवायची सोय) विंडोजच्या एसएचकोअर लायब्ररीतल्या सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेसला 1 दिला आणि अक्षरं लख्ख झाली. हे मुख्य खिडकी तयार व्हायच्या आधी करावं लागतं, नंतर केलं तर उपयोग नाही.

अक्षरं लख्ख झाली, पण खालचं 'नोंद करा' बटण अर्धं कापलं गेलं. कारण उघड आहे. फॉन्टचा आकार पॉइंटमध्ये दिलेला, तो डीपीआयप्रमाणे वाढला. 420 आणि 300 हे मात्र पिक्सेल, ते आता पडद्याचे खरे पिक्सेल झाले. मजकूर फुगला, खिडकी तेवढीच राहिली.

म्हणून आता आकाराचे आकडे पूर्ण काढून टाकले आहेत. जॉमेट्रीत आकार दिलाच नाही तर आतल्या घटकांना लागेल तेवढी खिडकी टीके (टीकेइंटरच्या आतलं मूळ इंजिन) स्वतः करतं. मग अपडेट-आयडलटास्क्स म्हणायचं (राहिलेली मांडणी लगेच उरकते), विन्फोकडून रेक्वविड्थ आणि रेक्वहाइट, म्हणजे लागणारी रुंदी आणि उंची, घ्यायचे आणि तेच मिनसाइझला (कमीत कमी आकार) द्यायचे. म्हणजे खिडकी मोठी करता येते, पण बटण कापलं जाईल इतकी लहान होत नाही. नुसती विड्थ विचारायला गेलात तर खिडकी पडद्यावर येण्याआधी उत्तर 1 येतं, तेव्हा 'रेक्व'वालीच विचारा. बरेच जण रिसायझेबल खोटं करून खिडकीला कुलूप लावतात. मला ते पटत नाही. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की मामांना यादी लांब हवी असते, आवक कमी झाली की छोटी. फक्त ग्रिडमध्ये (घटक मांडायच्या ओळी-स्तंभांच्या जाळीत) यादीच्या ओळीला आणि स्तंभाला वेट (वाढलेल्या जागेतला वाटा) 1 द्यायला विसरू नका. मूळ वेट 0 असतं, त्यामुळे खिडकी ताणली तरी यादी जागची हलत नाही, कडेला नुसती राखाडी जागा वाढते.

जागेबद्दल. जॉमेट्रीत प्लस म्हणजे डाव्या-वरच्या कडेपासून, वजा म्हणजे उजव्या-खालच्या कडेपासून. ही लिहिण्याची पद्धत युनिक्सच्या एक्स विंडोजमधून आलेली. मी वजा 10, वजा 60 दिलंय, म्हणजे खिडकी टास्कबारच्या वर, उजव्या कोपऱ्यात बसते. पडद्याची उंची विचारली तर त्यात टास्कबारही मोजला जातो, म्हणून ते 60. सुरुवातीला विथड्रॉ (खिडकी लपवणं) आणि सगळं जागेवर बसल्यावर डीआयकॉनिफाय (परत दाखवणं) केलं की खिडकी आधी एका जागी चमकून मग कोपऱ्यात उडी मारत नाही.

मामा खिडकी हलवतात तेव्हा ती जागा लक्षात राहायला हवी. कॉन्फिगर इव्हेंटवर (खिडकी हलली किंवा तिचा आकार बदलला की येणारी सूचना) नोंद करतो, हालचाल थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने, आफ्टर वापरून. मुख्य खिडकीला बांधलेला हा इव्हेंट आतल्या प्रत्येक लेबल-बटणासाठीही वाजतो, त्यामुळे इव्हेंटचा विजेट (ज्या घटकासाठी तो वाजला तो) मुख्य खिडकीच आहे का, हे तपासावं लागतं. एकदा काट्यावरचा टीव्ही डावीकडचा दुसरा पडदा म्हणून जोडलेला होता आणि वही त्याच्यावर ठेवली होती. टीव्ही काढल्यावर वही चालू होती, टास्कबारवर दिसत होती, पण पडद्यावर कुठेच नाही. जपलेली जागा प्लसनंतर वजा अशी होती, म्हणजे डाव्या कडेच्याही पलीकडे. आता उघडताना जागा मुख्य पडद्यात बसते का ते बघतो, नसेल तर ठरलेला कोपरा.

ओव्हरराइडरीडायरेक्ट करून वरची पट्टी काढून पाहिली. दिसायला फक्कड. पण टास्कबारवरून नाव गेलं आणि खिडकी ओढायचा कोडही आपणच लिहायचा. सोडून दिलं.

रंगाचं काम एका चौकटीपुरतंच होतं. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की ती चौकट लाल व्हावी. टीटीकेच्या (टीकेइंटरमधले थीमवाले घटक) एंट्रीला, म्हणजे आकडा भरायच्या चौकटीला, फील्डबॅकग्राउंड लाल दिला, काहीच झालं नाही. विंडोजवरची व्हिस्टा थीम चौकट विंडोजकडूनच रंगवून घेते, आपला रंग विचारातच घेत नाही. टीटीकेची क्लॅम ही दुसरी थीम लावल्यावर झाला लाल. क्लॅम जरा मातकट दिसते, पण आपल्याकडे कापसाच्या काट्यावर काय चकचकीत असतं?

शेवटचं, मराठीवाल्यांसाठी. ट्रीव्ह्यूच्या (यादी दाखवणारा घटक) ओळीची उंची मुळात 20 पिक्सेल असते आणि ती फॉन्टबरोबर वाढत नाही. निर्मला यूआय हा विंडोजचा फॉन्ट 11 पॉइंटला ठेवला तर 'पिंप्री'ची वेलांटी वरून आणि 'धुळे'चा उकार खालून छाटला जातो. फॉन्टच्या मेट्रिक्समधून लाइनस्पेस घ्या, त्यात 6 मिळवा आणि स्टाइलमध्ये रोहाइट म्हणून द्या. डीपीआय काहीही असो, मात्रा शाबूत राहतात.

एक गाठ अजून सुटलेली नाही. लॅपटॉप 125 टक्क्यांवर, टीव्ही 100 वर. अवेअरनेस 1 (सगळ्या पडद्यांना एकच डीपीआय) ठेवला तर टीव्हीवर नेलेली वही पुन्हा धूसर होते, 2 (प्रत्येक पडद्याचा वेगळा) ठेवला तर अक्षरं धूसर होत नाहीत, पण तिथे खिडकी अवाढव्य दिसते, कारण टीके सुरुवातीला मोजलेलंच स्केलिंग धरून बसतं. पडदा बदलला की फॉन्ट आणि रोहाइट नव्याने मोजायचा विचार आहे. कोणी केलं असेल तर पडदा बदलल्याचं नेमकं कशावरून ओळखता, ते कळवा.