रेडिएशनला दाद न देणाऱ्या फुफ्फुसाच्या पेशी

"रेडिएशनचे तीसच्या तीस शेक पूर्ण झाले, मग गाठ त्याच जागी परत कशी आली?" कॅन्सरच्या ओपीडीत नातेवाईक हे हमखास विचारतात आणि 'पेशी रेझिस्टंट झाल्या' एवढंच उत्तर घेऊन घरी जातात. उत्तर चूक नाही, पण त्यातून काही कळत नाही. हा रेझिस्टन्स काही अंशी पेशीच्या जनुकांतच असतो. काही अंशी पेशी गाठीत कुठे आहे यावर ठरतो आणि काही अंशी शेकांच्या वेळापत्रकावर. वेळापत्रक सांभाळणं आपल्या हातात आहे, म्हणून हे जरा खोलात जाऊन लिहावंसं वाटलं.

आधी हिशेब. ऑपरेशन शक्य नसलेल्या तिसऱ्या स्टेजच्या नॉन-स्मॉल-सेल (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) कॅन्सरला केमोसोबत साधारणपणे ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) देतात. रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, असे ३० शेक, म्हणजे ३० सिटिंग. एक घन सेंटिमीटर गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरतात. दर सिटिंगला निम्म्या पेशी वाचल्या, तर तिसाव्या सिटिंगनंतर सरासरी एक उरते. निम्म्यांऐवजी ६० टक्के वाचल्या, तर उरतात सुमारे २२०. खऱ्या गाठी याहून कितीतरी मोठ्या असतात. रेझिस्टंट पेशीलाही इजा होतेच. तिला फक्त दर वेळी थोडं जास्त तगावं लागतं, तेवढ्यावर ती बाजी मारते.

ती तगते कशी? १ ग्रे डोसने एका पेशीच्या डीएनएत एकेरी धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे एकाच जागी ३० ते ४० ठिकाणी तुटतात. जीवघेणे हे दुसरे. ते तुटताच एटीएम नावाचं एन्झाइम जागं होतं, जवळच्या एच२एएक्स प्रथिनाला फॉस्फेट लावतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं. मग डीएनए-पीके नावाचं दुसरं एन्झाइम तुटकी टोकं घाईघाईने जोडतं. डीएनएची नक्कल आधीच तयार असेल, तर ती समोर ठेवून बिनचूक दुरुस्ती होते. म्हणून नक्कल होत आलेली पेशी सगळ्यात चिवट आणि विभाजनाच्या उंबरठ्यावरची सगळ्यात हळवी. फॉस्फेट लागलेल्या जागा योग्य रंग दिल्यावर मायक्रोस्कोपखाली ठिपक्यांसारख्या दिसतात. साधारण अर्ध्या तासात त्या सर्वाधिक असतात. २४ तासांनी किती ठिपके उरले हे मोजायचं. जास्त उरले तर दुरुस्ती अपुरी, जवळपास पुसले गेले तर समोरची पेशी दुरुस्तीत तरबेज आहे.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केईएपी-१ या जनुकाकडे खास लक्ष द्यावं असं मला वाटतं. एक्स-रे किरणांचं बरंचसं नुकसान थेट होत नाही. पेशीतल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते डीएनएवर तुटून पडतात. एनआरएफ-२ हे प्रथिन ग्लुटाथायोनसारखी रसायनं वाढवून हे रॅडिकल विझवतं. एरवी केईएपी-१ त्याला आवरून धरतं. केईएपी-१ बिघडलं की एनआरएफ-२ कायम चालू राहतं आणि अशा गाठी शेकाच्या जागीच परत येण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए५४९ आणि एच४६० या दोन्ही पेशींमध्ये हा बिघाड मुळातच आहे. त्यांना २-२ ग्रे देत देत 'रेझिस्टंट केलं' असं सांगणारा शोधनिबंध वाचताना हे ध्यानात ठेवावं.

याच कारणाने शेक चालू असताना रॅडिकल विझवणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले, तेव्हा गाठ परत येण्याचं प्रमाण वाढण्याकडेच कल दिसला. जेवणातली फळं-भाज्या खुशाल खा.

आता ऑक्सिजन. १९५५ साली थॉम्लिन्सन आणि ग्रे या शास्त्रज्ञांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचेच काप तपासले. रक्तवाहिन्यांच्या बाजूला जिवंत पेशींचा थर होता, पण तो १८० मायक्रॉनपेक्षा जाड कुठेच नव्हता. त्यापलीकडे सगळं मेलेलं. घात करतात त्या या थराच्या आतल्या, म्हणजे रक्तवाहिनीपासून लांबच्या कडेच्या, अर्धपोटी पण जिवंत पेशी. रॅडिकलने केलेली इजा ऑक्सिजनमुळे पक्की होते. तो नसेल तर तेवढ्याच परिणामाला अडीच ते तीन पट डोस लागतो. रोज थोडा थोडा शेक देण्यामागे हेही एक कारण आहे: रक्तवाहिनीजवळच्या पेशी मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन पोचतो आणि पुढच्या सिटिंगला त्या हाती लागतात. विडी-सिगारेटचा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून नेमका हाच पुरवठा तोडतो. 'आता सोडून काय उपयोग' असं म्हणणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांगा. रक्त वाढवायची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मात्र यावर उपाय ठरली नाहीत. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये त्यांनी नुकसानच केलं.

मग डोसच का वाढवत नाहीत? लहान, सुरुवातीच्या गाठीला तीन सिटिंगमध्ये ५४ ग्रे देता येतात आणि ते चांगलं लागू पडतं. तिसऱ्या स्टेजला ६० विरुद्ध ७४ ग्रे अशी मोठी चाचणी अमेरिकेत झाली. २०१५ साली निकाल आले: ६० ग्रे गटाचं मध्य आयुर्मान २८.७ महिने, ७४ ग्रे गटाचं २०.३. मधे हृदय आणि अन्ननलिका असते, तिथे जास्तीचा डोस अंगाशी येतो.

राहता राहिला वेळ. ऊस तोडला की खोडवा जोमाने फुटतो, तशा उपचाराच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या पेशी भराभर वाढू लागतात. ब्रिटनमध्ये दिवसातून तीनदा १.५ ग्रे असे ५४ ग्रे अवघ्या १२ दिवसांत देऊन पाहिले. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या ६० ग्रेच्या तुलनेत २० वरून २९ टक्क्यांवर गेलं. एकूण डोस कमी असूनही!

म्हणून चंदगड-आजऱ्याहून एसटीने कोल्हापूरला येणाऱ्या पेशंटची चुकलेली सिटिंग मला फार लागते. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, मग ४३ ची धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली तर शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता. पावसाळ्यात शेक सुरू होणार असतील, तर शहरात मुक्कामाची सोय आधीच लावा. एखादं सिटिंग चुकलंच, तर ते शेवटी जोडून उपचार लांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा: शनिवारी-रविवारी देता येईल का, किंवा एका दिवशी दोन, मधे किमान सहा तास ठेवून? हे सहा तास निरोगी ऊतींच्या दुरुस्तीसाठी असतात, त्यात काटछाट करता येत नाही.