आयोचे सहा मोक्ष: प्रकाशाच्या वेगामागे एक हंगाम

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की या हंगामात गुरूची चित्रं काढणार नाही, फक्त घड्याळ लावून आयोची, म्हणजे गुरूच्या एका चंद्राची, ग्रहणं टिपणार (तो गुरूच्या सावलीत शिरतो आणि बाहेर येतो ती) आणि त्यावरून प्रकाशाचा वेग काढणार. ते झालं. उत्तर चुकलं, पण कसं चुकलं हे सांगण्यासारखं आहे.

कल्पना अर्थातच डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरची. १६७६ साली पॅरिसमध्ये त्याने दाखवून दिलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना आयोची ग्रहणं कोष्टकातल्या वेळेपेक्षा मागे पडत जातात, कारण प्रकाशाला वाढलेलं अंतर कापावं लागतं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात, असा त्याचा हिशेब होता. खरी वेळ साडेसोळा मिनिटांच्या थोडी वर. मला हेच घरच्या १५० मिमी डॉब्सोनियनने (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीने) जमतं का, एवढंच बघायचं होतं.

प्रतियुतीनंतर (पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधोमध येते ती प्रतियुती) आयोचा स्पर्श, म्हणजे सावलीत शिरणं, दिसत नाही, ते गुरूच्या आड होतं. दिसतो फक्त मोक्ष, म्हणजे सावलीतून बाहेर येणं. पहिला मोक्ष प्रतियुतीनंतर चौदाव्या रात्री टिपला. १२० पट वाढवून गुरूच्या कडेला डोळा लावून बसायचं, फोनवर आवाज रेकॉर्ड होत असतो, जीपीएसची वेळ आधीच बोलून ठेवलेली, आणि ठिपका दिसला की ‘आला!’ म्हणायचं. त्या दिवसांत सावली जवळजवळ गुरूच्या पाठीमागेच असते, त्यामुळे आयो कडेला चिकटून उगवतो. आधी वाटतं गुरूच्या कडेला किंचित फुगवटा आलाय. मग वाटतं, छे, हवा हलली. मग तो फुगवटा हलायचा थांबतो आणि टोकाला एक टाचणीचं डोकं उरतं. आयोचा व्यास साधारण ३६४० किमी आणि त्याचा वेग सेकंदाला १७ किमी, म्हणजे सावलीतून पूर्ण बाहेर यायला साडेतीन मिनिटं लागतात. या साडेतीन मिनिटांतला ‘आला’ नेमका कुठला? सहाही वेळा मी ‘पहिल्यांदा खात्री पटली’ तो क्षण धरला. दुसरा नियम सुचला नाही.

खरं तर सात टिपायचे होते. एका रात्री मी चुकीच्या कडेकडे बघत राहिले. माझ्या डॉब्सोनियनसारख्या न्यूटोनियन दुर्बिणीत चित्र उलटं असतं हे पाठ असूनही! शेवटी डोळा सरकला तेव्हा आयो दुसऱ्या बाजूला झगझगीत उभा. नव्यांसाठी: दुर्बीण हलवू नका, गुरू ज्या बाजूने दृष्टिक्षेत्राबाहेर निसटतो ती पश्चिम. प्रतियुतीनंतरचा मोक्ष त्याच्या विरुद्ध बाजूला बघायचा.

शेवटचा मोक्ष ४४ फेऱ्यांनंतर, प्रतियुतीनंतरच्या ब्याण्णवाव्या रात्री. काय फरक! आता आयो कडेपासून जवळजवळ गुरूच्या एका त्रिज्येवर, मोकळ्या काळोखात उगवला. काहीच नाही, काहीच नाही, आणि मग आहे.

आता हिशेब. पहिल्या रात्री गुरू ४.२३ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) दूर होता, शेवटच्या रात्री ५.१७. म्हणजे अंतर सुमारे १४.१ कोटी किमीने वाढलं. आयोचा फेरीचा काळ १ दिवस १८ तास २७ मिनिटं ३३ सेकंद. त्याला ४४ ने गुणलं, प्रत्यक्ष वेळेतून वजा केलं, तर उशीर निघाला ५५ मिनिटं ४० सेकंद! प्रकाशाचा वेग सेकंदाला ४२ हजार किमी. दोन दिवस मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत होते.

चूक घड्याळात नव्हतीच. तो नाक्षत्र काळ होता, ताऱ्यांच्या संदर्भातला. ग्रहण मात्र सूर्याच्या संदर्भात घडतं. आयो एक फेरी मारतो तोवर गुरू स्वतः सूर्याभोवती थोडा पुढे सरकलेला असतो आणि त्याची सावली वळलेली असते. आयोला ती गाठायला दर फेरीला एक मिनिट जास्त लागतं. ग्रहणापासून ग्रहणापर्यंतचा काळ १ दिवस १८ तास २८ मिनिटं ३६ सेकंद. दर फेरीचं ते एक मिनिट ४४ वेळा साठून माझी पाऊण तासाची चूक झाली. पुस्तकातला आकडा उचलताना तो कशाच्या संदर्भातला आहे हे न बघण्याची माझी खोड जुनीच आहे.

दुरुस्तीनंतर उशीर उरला ९ मिनिटं ५० सेकंद. वेग सेकंदाला सुमारे २ लाख ३९ हजार किमी. खरा २,९९,७९२, म्हणजे मी वीस टक्के कमी. उशीर ७ मिनिटं ५१ सेकंद यायला हवा होता.

दोन मिनिटं कुठून आली? पहिला संशय गुरूच्या चकाकीवर होता. पण पहिल्या रात्री चकाकीमुळे मला आयो उशिरा दिसला असेल, तर उशीर कमी यायला हवा होता, जास्त नाही. म्हणजे ते कारण उलट्या दिशेचं. आता बोट युरोपाकडे, गुरूच्या आणखी एका चंद्राकडे, आहे. आयोच्या दोन फेऱ्यांत युरोपाची एक होते, आणि या तालातल्या ओढाताणीने आयोची कक्षा किंचित लांबट राहते. त्यामुळे त्याची ग्रहणं सुमारे ४३७ दिवसांच्या चक्रात तीनेक मिनिटं पुढेमागे होतात. तीन महिन्यांचं निरीक्षण त्या चक्राच्या एका तुकड्यावरच बसतं. आलेखावरही हे दिसतंय: १३ आणि २६ फेऱ्यांनंतरचे दोन बिंदू सरळ रेषेवर बसायला तयार नाहीत, दोन्ही एकाच बाजूला झुकलेत.

पुढच्या हंगामात प्रतियुतीआधीचे स्पर्शही टिपणार आहे. तेव्हा पृथ्वी गुरूकडे जात असते, म्हणजे ग्रहणं लवकर येत जातील. त्या महिन्यांत गुरू मध्यरात्रीनंतर वर येतो, तेव्हा गजर लागेल. ज्यांच्याकडे याच हंगामातले युरोपाचे मोक्ष सेकंदापर्यंत टिपलेले असतील त्यांनी वेळ आणि दुर्बिणीचा व्यास दोन्ही कळवा. मला ते माझ्या आलेखाखाली मांडून बघायचेत.