अखेर नेट ३४ इंचांवर टिकले

मागच्या नोंदीत अर्धवट सोडलेला प्रश्न, म्हणजे बॅडमिंटनच्याच खांबांवर पिकलबॉलचे (पॅडलने छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारण्याच्या खेळाचे) नेट बसवण्याचा, अखेर सुटला आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी मध्यभागी मोजलेली ३४ इंचांची उंची शेवटचा गेम संपल्यावरही तितकीच भरली. ज्यांनी ही कसरत केली आहे, त्यांना या वाक्याचे मोल सांगायला नको.

बॅडमिंटनचे दुहेरीचे कोर्ट आणि पिकलबॉलचे कोर्ट, दोन्ही ४४ बाय २० फुटांची असल्यामुळे आयते कोर्ट मिळाले असे प्रत्येक नव्या गटाला वाटते. खरी मेख नेटमध्ये असते. बॅडमिंटनचे नेट मध्यभागी ५ फुटांवर असते, तर आपल्याला ते बाजूच्या रेषांपाशी ३६ आणि मध्यभागी ३४ इंच हवे असते. दोरी खांबाला मध्येच बांधली की गाठ हळूहळू खाली सरकते. करकचून ताणली तर नेट सरळ रेषेत येऊन मध्यभागीही ३६ इंच होते. आणि जरा सैल सोडली तर सुरुवातीला झोल अगदी हवा तसा पडतो, पण चार-दोन फटके नेटवर आदळले की उंची ३३ च्याही खाली जाते. शिवाय नेटची स्वतःची खोली ३० इंच असल्याने खाली ४ इंचांची फट उरते आणि जेमतेम ३ इंच व्यासाचा चेंडू तिच्यातून बिनदिक्कत पलीकडे जातो. मग तो वरून गेला की खालून, यावर वाद होतात.

दोन इंचांसाठी एवढा आटापिटा का, असे आमच्यातल्याच काहींनी विचारले होते. नवा खेळाडू ‘डिंक’, म्हणजे नेटवरून अलगद पलीकडे टाकायचा हळुवार फटका, शिकतो तो बहुधा नेटच्या मध्यावरून, कारण तिथेच सर्वांत जास्त सवलत असते. ती सवलत गेली की त्याचे हळुवार फटके नेटमध्ये अडकतात, तो वैतागून जोरात मारू लागतो, आणि गुडघ्यांमुळे बॅडमिंटन सोडून आपल्याकडे आलेली मंडळी त्या माऱ्यापुढे बाजूला बसतात. आमचा गट मध्यंतरी वाढायचा थांबला त्याचे कारण खेळाडूंचा अभाव नसून हे झुकते-ताणते नेट होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

उपाय असा. खांबांना आतून रबर लावलेले पाइपचे क्लॅम्प बसवून दोरी त्यांवर घट्ट ताणली आणि मध्यभागी बकलाचा नायलॉनचा पट्टा नेटवरून घेऊन खाली एका अरुंद, जड लोखंडी पट्टीला अडकवला. लाकडी जमिनीला भोक पाडण्याची परवानगी नसल्याने हे वजन आवश्यकच होते. पट्टी नेटच्या रेषेतच आडवी ठेवल्यामुळे ती पायात येत नाही आणि खालच्या रबरी चटईमुळे जमिनीवर ओरखडाही उठत नाही. पट्ट्यावर ३४ इंचांची खूण शिवून घेतल्याने दर वेळी मोजण्याचे काम संपले. फटीसाठी व्हेल्क्रोने लावायची कापडी झालर केली आहे. ती दिसते ओबडधोबड, पण चेंडू अडवते.

यामुळे घडीच्या नेटची खरेदी तूर्त रद्द. आम्ही पाहिलेल्या नेटांच्या चौकटी ताण देताच वाकत होत्या. ते पैसे १६ मिलिमीटर जाडीच्या गाभ्याच्या पॅडलांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल, कारण १३ मिलिमीटरच्या पॅडलवरून चेंडू नवख्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगाने उसळतो. लाकडी पॅडलांचे स्वस्त संच मात्र कोणीही घेऊ नयेत. त्यांच्या वजनाने मनगट दुखू लागते. चेंडू अर्थातच २६ छिद्रांचे. ४० छिद्रांचे कठीण चेंडू मैदानासाठी असतात आणि हॉलमध्ये त्यांचा आवाज असह्य होतो.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. आतापर्यंत आधी बॅडमिंटन आणि मग पिकलबॉल असा क्रम होता आणि नेट उतरवताना सगळे ताटकळत असत. पट्टा सोडून नेट वर चढवणे मात्र क्षणाचे काम आहे. क्रम उलटा केला, तर उंचीची जुळवाजुळव हॉल भरण्यापूर्वीच निवांतपणे होईल. म्हणून सामन्यांचे जाहीर केलेले वेळापत्रक मी मागे घेत आहे आणि पुढच्या खेपेपासून पिकलबॉल आधी ठेवत आहे.

किचनच्या, म्हणजे नेटलगतच्या ज्या पट्ट्यात उभे राहून व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) मारता येत नाही त्याच्या, रेषेचा प्रश्न तेवढा उरला आहे. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचनची ७ फुटांवर. जुन्याच रेषेवर भागवावे असे काही जण म्हणतात, ते मला मान्य नाही, कारण व्हॉली मारणाऱ्याला नेटजवळ अर्धा फूट फुकट मिळतो. कापडी टेप काढताना चिकट थर मागे राहतो आणि सुट्या रबरी पट्ट्या पायाखाली सरकतात. लाकडी जमिनीवर डाग न ठेवता निघणारी व्हिनाइल टेप कोणी दीर्घकाळ वापरली असल्यास तिची रुंदी आणि रंग कळवावा. रंग बॅडमिंटनवाल्यांच्या डोळ्यांत खुपणारा नको.