तुम्ही विचारलंत म्हणून: एमपीएससी का सोडली?

उपासना संपून चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत निदान दोघांशी तरी सलाम होतो आणि सलामानंतरचं वाक्य ठरलेलं असतं: "काय रे, एमपीएससी का सोडलीस? मग आता पुढे काय?" मावश्या विचारतात, तरुण संघातली पोरं विचारतात, पुण्यात एका खोलीत राहिलेले मित्र फोनवर विचारतात. आतापर्यंत मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. कुणाला घरची अडचण सांगितली, कुणाला वय. पाळकसाहेबांना म्हणालो, प्रभूची इच्छा नव्हती. यातलं एकही पुरतं खरं नव्हतं.

अभ्यास झेपला नाही म्हणून सोडली नाही, हे आधी सांगतो. राहुरीहून बीएस्सी ॲग्री झाल्यावर तीन वर्षं अभ्यासिकेत काढली. दुसऱ्या पूर्वपरीक्षेत खुल्या गटात अडीच गुणांनी राहिलो. अनुसूचित जातीच्या यादीत तेवढ्याच गुणांवर मुख्य परीक्षेला बसलो असतो. माझ्या पप्पांच्या मामाचा नातू बसला. आजीचं माहेर 1956 साली नागपूरला जाऊन बौद्ध झालं, आजी त्याआधीच ख्रिस्ती घरात दिलेली होती. एकाच वस्तीतली, एकाच विहिरीवरून हाकललेली माणसं. अनुसूचित जातीत कोणत्या धर्माचे लोक धरायचे हे सांगणाऱ्या राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात आधी फक्त हिंदू होते, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. आपण दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहोत. राज्यात आपल्याला ओबीसीत धरतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या भावाबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याची निवड झाली तेव्हा पेढे मीच वाटले.

आमच्या घरात लोखंडी पेटीत दोन कागद आहेत. एक बाप्तिस्म्याचा दाखला, दुसरा माझा शाळा सोडल्याचा. पहिल्यावर मी ख्रिस्ती आहे, दुसऱ्यावर हिंदू महार. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी विचारलं आणि पप्पांनी तसं सांगितलं. असे दोन कागद कुणाच्या घरी आहेत, हे आपल्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही.

अडीच गुण गेल्यावर काकांनी मनावर घेतलं. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. त्यासाठी ते चार महिने जिल्हा परिषदेच्या शाळेत खेटे घालत होते. शेवटी आजोबांची 1944 ची नोंद सापडली. जुन्या रजिस्टरची झेरॉक्स, शाई पसरलेली, पण 'हिंदू महार' स्वच्छ वाचता येत होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आम्ही तिघे तहसील कचेरीतल्या सेतू केंद्रात गेलो. पप्पांनी रविवारचा पांढरा शर्ट घातला होता. प्रतिज्ञापत्र टाइप करणारी मुलगी वर न बघता म्हणाली, "धर्म हिंदूच ना?" मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, "हो, हिंदू." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बावीस वर्षं संडे स्कूल घेणारा माणूस. दहा आज्ञा मला त्यांनीच बोटांवर मोजून शिकवल्या, आणि नवव्या बोटाला, खोटी साक्ष देऊ नको म्हणताना, ते बोट जरा दाबायचे. प्रिंटरमधून कागद आला, अजून गरम होता. खाली लिहिलं होतं की वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. "पप्पा, हे खोटं आहे," मी म्हणालो. हळू म्हणायला हवं होतं. मागे रांगेत आठ-दहा माणसं होती, ती मुलगीसुद्धा मान वर करून बघायला लागली. काकांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. पप्पांनी टायपिंगचे पैसे दिले, कागदाची चौघडी घातली आणि खिशात ठेवली.

एसटीत शेजारी जागा असून ते पुढच्या बाकावर बसले. नेवासे फाट्याला उतरल्यावर एवढंच बोलले: "तू सही केली नाहीस, ते तुझं तू बघ. पण मला खोटा म्हणालास, ते चार लोकांत म्हणालास."

तुम्हाला उत्तर हवं होतं ना? एमपीएससी त्या दिवशी सुटली. पुढच्या वर्षी फॉर्म भरला, पण पुस्तक उघडलं की तो गरम कागद आठवायचा.

यात मी धैर्यवान ठरतो असं काही जणांना वाटतं, आणि ते मी वाटू दिलं. दोन महिन्यांनी तरुणांच्या शिबिरात मी याची साक्ष दिली. मी सही नाकारली, येशूला नाकारलं नाही, असं म्हणालो. हालेलूयाचा गजर झाला. पप्पांचं नावही मी काढलं नाही. तिसऱ्या रांगेत माझा एक मित्र बसला होता. तशाच दाखल्यावर तो लिपिक म्हणून लागला आहे, त्याच्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंग चाललंय. तो पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्यानंतर तो संघात आला नाही. मी त्याच्या घरी दोनदा गेलो, चहा मिळाला, बोलणं झालं नाही. ती साक्ष मला परत घेता आली तर मी घेईन.

आणि ती खरी तरी कितपत होती? भीती नव्हती का? होती. उद्या जात पडताळणी समितीपुढे कुणी बाप्तिस्म्याची नोंद नेऊन ठेवली तर नोकरी जाईल, हे माझ्या डोक्यात होतं. श्रद्धा किती आणि भीती किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. शिबिरात माइक धरलेल्या त्या पोराला मी एक विचारतो: तू हिंदू नाहीस हे खरं, पण महार नाहीस हे खरं का? आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. मग मी खोटं म्हणालो ते पप्पांना की त्या रकान्याला? तरीही पेन पुन्हा हातात दिलं तर मी सही करीन असं वाटत नाही. हे दोन्ही मी एकाच वेळी मानतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पुदुच्चेरीतल्या बाप्तिस्मा झालेल्या एका बाईंनी नोकरीसाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता, न्यायालयाने तो नाकारला. मला तो निकाल अकरा जणांनी पाठवला. "बघ, वाचलास." मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मित्राला त्या रात्री झोप लागली नसेल, एवढंच आलं मनात. आपल्यालाही अनुसूचित जातीत घ्या या मागणीवर 2022 च्या ऑक्टोबरात नेमलेल्या आयोगाचं काय झालं, असं मात्र त्यांतल्या एकानेही विचारलं नाही.

आता 'पुढे काय'. कॉलेज संपलं तेव्हा मंडळीने मला यिर्मया 29:11 ची फ्रेम दिली, देवाचे संकल्प हिताचे असल्याचं वचन. आपल्यात प्रत्येक पदवीधराला ती मिळते. तो अध्याय वरून वाचा. ते बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. सत्तर वर्षं लागतील, तोवर घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात आहे. मी श्रीरामपूरला माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमुना सावलीत वाळवायचा, ढेकळं फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचा, मग सामू आणि क्षारता बघायची. कालव्याच्या पाण्याने उसाची रानं पांढरी पडत चाललीत. एक म्हातारा दर महिन्याला तीच माती घेऊन येतो, कारण त्याला दुसरं काय करावं कळत नाही. मला आमच्या गावाकडे अशी प्रयोगशाळा काढायची आहे. हे देवाचं पाचारण नाही असं कुणी म्हणू नये. आणि तरीही, कृषी सेवेची जाहिरात आली की मी रात्री पीडीएफ उघडून जागा मोजतो. खुल्या गटाला अडतीस वर्षं, मागासवर्गाला त्रेचाळीस. मी सत्तावीसचा आहे.

ओबीसीचा दाखला काढ, असं तुम्ही सुचवता. विचारलं मी. आधी शाळेतली नोंद बदलावी लागेल, ती सहज बदलत नाहीत, आणि सुरुवातच पप्पांच्या प्रतिज्ञापत्राने करावी लागेल: मुलाला पहिलीत घालताना मी सांगितलेला धर्म चुकीचा होता. म्हणजे त्या दिवशी मी चार लोकांत जे म्हणालो, तेच त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. मसुदा मी करून आणला आणि पेटीत त्या दोन कागदांवर ठेवला. त्याला सात महिने झाले. मी त्यांना विचारलेलं नाही. पेटीची किल्ली त्यांच्याकडेच असते.