कमी वेगात गिअर डाऊन करताना: दुसरा की पहिला?

पाचव्यावरून चौथा टाकला तर गाडीत बसलेल्यांना पत्ताही लागत नाही. तिसऱ्यावरून दुसरा टाकला की मात्र माना पुढे झुकतात. आणि गाडी चालती असताना दुसऱ्यावरून पहिला टाकायला जावं तर एक तर तो जातच नाही, किंवा जातो आणि गाडी नाक खाली घालून असा गचका देते की मागच्या सीटवरची पिशवी खाली येते. हात तोच, क्लच तोच. फरक गिअरच्या दातांच्या हिशोबात आहे, आणि तो एकदा कळला की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

एखाद्या साध्या छोट्या पेट्रोल गाडीचे आकडे घेऊ. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ (म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा मिळायला इंजिनचे साडेतीन फेरे), दुसऱ्याचं १.९५, तिसऱ्याचं १.३, चौथ्याचं ०.९५, पाचव्याचं ०.७६, आणि पुढे डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, ४.१. गाडीगणिक हे थोडे बदलतील, पण घोळका याच्याच आसपास असतो. अशा गाडीत इंजिन १००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर पहिल्यात वेग ताशी ८ किमीच्या जरा खाली, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात २१, चौथ्यात २८-२९ आणि पाचव्यात ३५-३६ किमी पडतो. आता वेग तोच ठेवून एक गिअर खाली आलं तर इंजिनला किती वाढावं लागतं ते बघा. पाचव्यावरून चौथ्याला सव्वापट. तिसऱ्यावरून दुसऱ्याला दीडपट. दुसऱ्यावरून पहिल्याला जवळजवळ १.८ पट. सगळ्यात मोठी उडी नेमकी सगळ्यात खालच्या पायरीवर.

त्यात आणखी एक भर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा जोर किंवा अडथळा चाकापर्यंत साधारण १४ पट (३.५ गुणिले ४.१) होऊन पोचतो, दुसऱ्यात ८ पट, पाचव्यात जेमतेम ३ पट. म्हणून क्लच सोडण्यातली जी चूक पाचव्यात लपून जाते तीच दुसऱ्यात झटका होते आणि पहिल्यात गचका.

इंजिनची ही वाढ कुणीतरी भरून काढायची असते. क्लच भसकन सोडला तर ती चाकं भरून काढतात, म्हणजे गाडीचा वेग ओढून घेऊन इंजिन फिरवतात, आणि तोच तो झटका. क्लच हळू सोडला तर क्लच प्लेट घासून भरून काढते. अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला दिला तर इंजिन स्वतःच वर येतं. आणि चौथा, माझ्या मते रोजच्या चालवण्यात सगळ्यात शहाणा मार्ग असा की भरून काढण्यासारखं काही ठेवायचंच नाही: आधी ब्रेकने वेग खाली आणायचा आणि मगच गिअर टाकायचा.

स्पीड ब्रेकरचं उदाहरण घेऊ. तिसऱ्यात ३५ ने येताय. क्लचला पाय न लावता ब्रेक दाबत २० पर्यंत या. आता इंजिन १००० च्या किंचित खाली आहे, अजून घरघर सुरू झालेली नाही. इथे क्लच पूर्ण दाबा, दुसरा टाका, आणि ब्रेक सुरूच ठेवून वेग १५ च्या आसपास येऊ द्या. दुसऱ्यात १५ म्हणजे इंजिनला हवेत १०८० आरपीएम. इंजिन मोकळं असताना ८०० वर आहे, म्हणजे अंतर उरलं जेमतेम पावणेतीनशेचं. आता क्लच पकडीच्या बिंदूपर्यंत, म्हणजे तो जिथे इंजिनला धरायला लागतो तिथपर्यंत, पटकन वर आणा, तिथे अर्धा-पाऊण सेकंद थांबा, आणि मग उरलेला सोडा. पाय पूर्ण मोकळा झाला की मगच पुढची चाकं उंचवट्यावर चढू देत. हेच २० वर क्लच सोडून केलं असतं तर अंतर साडेसहाशेचं झालं असतं. झटका दुपटीहून जास्त, काम तेच.

बहुतेकांची चूक नेमकी त्या थांबण्यात होते. क्लचचा पाय वर येताना सगळा प्रवास एकाच गतीने करतो. खरं तर तळापासून पकडीपर्यंतचा प्रवास फुकटचा असतो, तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही. पकडीनंतरचा उरलेला वरचा प्रवासही फुकटचाच. मधला बोटभर पट्टा तेवढा हळू. हा पट्टा आपल्या गाडीत कुठे आहे ते सपाट मोकळ्या जागी, पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, क्लच हळू सोडून बघा. इंजिनचा आवाज जिथे किंचित दबतो आणि गाडी सरकायच्या बेतात येते, तोच बिंदू. क्लच प्लेट झिजत जाते तसा तो अनेक गाड्यांमध्ये वर सरकतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर पहिले दोन-चार झटके माफ.

त्याच मोकळ्या जागी दुसरीही एक गोष्ट करून ठेवावी. दुसरा गिअर, क्लच पूर्ण सुटलेला, अ‍ॅक्सिलरेटर नाही. गाडी ज्या वेगाने आपोआप चालते तो दुसऱ्याचा तळ. वरच्या आकड्यांच्या गाडीत तो ११ च्या आसपास येईल, पहिल्याचा ६, तिसऱ्याचा १६-१७. या तळाच्या खाली गेलात की गाडी एक तर क्लच मागणार किंवा खालचा गिअर. स्पीडोमीटर १० च्या खाली फारसा कामाचा नसतो, तिथे कानाचा आणि सीटच्या थरथरण्याचा भरवसा धरावा.

आता मूळ प्रश्न. दुसरा कधी, पहिला कधी? गाडी सरकत असेल आणि तुम्हाला तशीच पुढे न्यायची असेल, तर १० च्या वर बहुतेक वेळा दुसरा पुरतो. वेग माणसाच्या चालण्याइतका, म्हणजे ५-६ पर्यंत उतरला की पहिला. मधला ६ ते १० चा पट्टा त्रासाचा: दुसऱ्यात इंजिन धडधडतं, पहिल्यात झटका बसतो. सपाटीवर आणि पुढे रस्ता मोकळा होत असेल तर दुसऱ्यातच किंचित हाफ क्लच देऊन (पेडल पकडीच्या पट्ट्यातच धरून) निघता येतं, सेकंदभर. चढ असेल, गाडी भरलेली असेल, किंवा पुढचं वाहन अजून हळूच होत असेल, तर मोह आवरून पहिलाच टाकावा. दुसऱ्यात ८ ने चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं की इंजिन ६०० च्याही खाली ढकललं जातं. पिकअप तर नाहीच, वर प्रत्येक स्ट्रोकचा धक्का क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिन माउंटिंगवर जातो. छोट्या टर्बो इंजिनात (ज्यात एक पंखा जादा हवा आत कोंबतो) तर टर्बोने दाब धरायच्या आतच तुम्ही ताकद मागत असता, त्यामुळे ती अडचण आणखी ठळक जाणवते.

चालत्या गाडीत पहिला अडतो त्यामागे सिंक्रोनायझर आहे. क्लच दाबला तरी क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनकडून आत येणारा दांडा) स्वतःच्या वेगाने फिरतच असतात. पहिला जाण्यासाठी त्यांचा वेग १.८ पट व्हायला हवा, आणि तो वाढवायचं काम करते एक शंकूच्या आकाराची, आतून बारीक खाचा असलेली रिंग. ती गिअरच्या शंकूवर दाबली जाते, खाचा मधलं तेल बाजूला सारतात, घर्षण होतं, वेग जुळतो, आणि तोपर्यंत ती स्लीव्हला, म्हणजे गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, पुढे जाऊ देत नाही. तुम्हाला हातात जो रबरासारखा विरोध जाणवतो तो हाच. तेव्हा लिव्हरवर हलका, सलग दाब ठेवून थांबायचं. ६-७ च्या वेगाला पहिला अर्ध्या सेकंदात जातो. २० ला तोच रिंगकडून इनपुट शाफ्ट २६०० आरपीएमपर्यंत चढवण्याची अपेक्षा करतो. जोर लावून तेव्हाही जाईल, पण रिंगचं आयुष्य खाऊन. आणि ६० च्या वेगाला चुकून पहिला गेला तर क्लच दाबलेला असला तरी प्लेट ७८०० ला फिरते; ती फुटूही शकते. गिअर जात नाही म्हणजे बहुतेक वेळा गाडी तुम्हाला सांगत असते की वेग अजून जास्त आहे.

१०-१२ च्या वेगाला पहिला हवाच असेल, समजा तीव्र वळणाच्या चढावर, तर डबल क्लच करा. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरने इंजिन साधारण १८०० वर न्या, पुन्हा क्लच दाबा आणि लगेच पहिला. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यामुळे इनपुट शाफ्ट इंजिनबरोबर वर आला, रिंगला काम उरलं नाही. गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. चढावर हे सगळं दोन सेकंदांच्या आत व्हायला हवं, नाहीतर तोपर्यंत गाडीच थांबते आणि मग काय, पहिला तसाही जातोच.

हाताबद्दल थोडं. तिसऱ्यावरून दुसऱ्याला येताना लिव्हर सरळ मागे ओढला तर तो चौथ्यात जातो, कारण स्प्रिंग त्याला मधल्या रांगेत धरून ठेवते. न्यूट्रलला आला की तळव्याने डावीकडे रेटून धरायचं आणि मग मागे. उलट पाचव्यावरून चौथ्याला येताना लिव्हर आवळून धरू नये. सैल सोडला की स्प्रिंग स्वतः मधे आणते. घाईत डावीकडे रेटलं तर थेट दुसरा पडतो आणि इंजिन किंचाळतं.

थांबायचंच असेल तर एकेक गिअर उतरत बसायची गरज नाही. चौथ्यात ब्रेक दाबत या, इंजिन १००० च्या खाली जायला लागलं की क्लच, थांबलात की पहिला. मधेच सिग्नल सुटला तर त्या वेगाला जो गिअर बसतो तो सरळ टाका, चौथ्यावरून दुसरासुद्धा. फक्त दूरवरूनच क्लच दाबून घरंगळत येऊ नये. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आयडलच्या (इंजिन मोकळं फिरतं त्या वेगाच्या) थोड्या वरपर्यंत इंधन पूर्ण बंद ठेवतात. क्लच दाबला की इंजिन स्वतःला चालू ठेवायला पुन्हा इंधन घेतं, आणि इंजिनचा ब्रेकही जातो. उतारावर हे जास्त महाग पडतं. तिथे दुसरा किंवा पहिला उतार सुरू व्हायच्या आधी टाकावा, कारण मधे क्लच दाबला की तेवढ्या वेळात गाडी वेग घेते.

ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर क्लच नेहमीपेक्षा हळू सोडा. एकदम सोडला तर ज्या चाकांना इंजिन जोडलेलं आहे ती क्षणभर घसरतात. इंजिन मागच्या चाकांना जोडलेलं असेल त्या गाडीत त्याने शेपूट बाजूला जाते. म्हणून वळणाआधीच, स्टिअरिंग सरळ असताना गिअर उरकून घ्यावा.

एवढं करूनही गिअर करकरत असेल तर आधी पायाखाली बघा. क्लचमागे सरकलेलं मॅट पेडल पूर्ण दाबू देत नाही, आणि अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये बिचाऱ्या रिंगला सगळं इंजिन ओढावं लागतं. फक्त दुसराच करकरत असेल तर दुसऱ्याची रिंग झिजली असण्याची शक्यता जास्त. सगळेच गिअर जड जात असतील आणि रिव्हर्स टाकताना गाडी पूर्ण थांबलेली असूनही खर्रकन आवाज येत असेल, तर पेडल दाबूनही क्लच इंजिनला पूर्ण वेगळं करत नाही: केबलचं अ‍ॅडजस्टमेंट, किंवा हायड्रॉलिक असेल तर फ्लुइडची पातळी आणि लाइनमधली हवा तपासून घ्या. सकाळी पहिले काही मिनिटं दुसरा जड जातो ते मात्र गिअर ऑइल थंड आणि घट्ट असल्यामुळे. तेवढ्यासाठी गॅरेज गाठू नका, किलोमीटर-दोन किलोमीटर हात जरा हलका ठेवा.